एका दरवाजावरची दोन नावे

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात शिरताना बहुतेकांची नजर सरळ समोरच्या पांढऱ्या घुमटावर जाते. रमजान ईदच्या सुट्टीत पुसद, दिग्रस, उमरखेडकडून खुल्दाबादच्या दर्ग्यांना जाणारी कुटुंबे वाटेत इथेही थांबतात. मुले हौदाकडे धावतात, मोठी माणसे घुमटासमोर उभे राहून फोटो काढतात. ज्या मोठ्या दरवाजातून सगळे आत येतात, त्याच्या पितळी पत्र्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्या पत्र्यावर वेलबुट्टीची नक्षी आहे आणि तिच्यासोबत दोन नावे कोरलेली आहेत: मेमार, म्हणजे वास्तुरचनाकार, अताउल्लाह आणि त्यांचे सहकारी अभियंता हंसपतराय.

बादशहाच्या बेगमेची कबर, मोगलांची इमारत आणि दरवाजावर नावे दोन कारागिरांची. एक मुसलमान, एक हिंदू. त्या काळच्या बांधकामाची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या जोडीचे नवल वाटत नाही. नवल अताउल्लाह यांच्या आयुष्याचे आहे. ते ताजमहालच्या रचनाकाराचे थोरले चिरंजीव होते आणि आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतल्या एका थोर गणितज्ञाचा ग्रंथ त्यांनी फारसीत नेला होता.

अताउल्लाह यांचे वडील उस्ताद अहमद लाहोरी. शहाजहानने त्यांना 'नादिर-उल-अस्र' असा किताब दिला होता. नादिर-उल-अस्र म्हणजे आपल्या काळातला एकमेव, ज्याच्या जोडीचा दुसरा नाही असा. या घराण्याचे काम मात्र जगाला फार उशिरा कळले. ताजमहाल नेमका कोणी रचला यावर शेकडो वर्षे तर्क चालले होते. कोणी व्हेनिसच्या जवाहिऱ्याचे नाव घेत असे, कोणी तुर्कस्तानच्या उस्तादाचे. 1930च्या दशकात बंगळूरला मिळालेल्या एका फारसी हस्तलिखिताची चर्चा सय्यद सुलेमान नदवी यांनी विद्वानांपुढे मांडली, तेव्हा गोष्ट बरीचशी स्पष्ट झाली. ते हस्तलिखित अताउल्लाह यांचे मधले बंधू लुत्फुल्लाह मुहंदिस यांच्या काव्याचे होते. आग्र्याची मुमताज महलची कबर आणि दिल्लीचा किल्ला आपल्या वडिलांनी बांधला, असे त्यांनी त्यात नोंदवून ठेवले आहे. आपण तिघे भाऊ, थोरले अताउल्लाह आणि धाकटे नूरुल्लाह, हेही तिथेच कळते. मुहंदिस म्हणजे भूमिती जाणणारा, आजच्या भाषेत इंजिनिअर.

मुमताज महलचे निधन 17 जून 1631 रोजी बऱ्हाणपूरला बाळंतपणात झाले. बऱ्हाणपूर त्या वेळी दख्खनच्या मोहिमांचे ठाणे होते. तापीकाठच्या जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचे शव आग्र्याला नेण्यात आले. 1632 साली यमुनाकाठी काम सुरू झाले. नदीच्या रेताड काठावर एवढे वजन उभे करायचे म्हणून विहिरी खोदून, त्या दगड-चुन्याने भरून पाया घेतला. मकराण्याहून संगमरवर आला, जवळच्या खाणींतून लाल दगड आला. व्यवस्थेची जबाबदारी मकरमत खान आणि मीर अब्दुल करीम यांच्यावर होती. कुराणाच्या आयती कोरण्याचे काम शिराझहून आलेल्या अमानत खान या खुशनवीसाचे. खालून वाचणाऱ्याला वरची अक्षरेही खालच्याइतकीच दिसावीत, याचा विचार करून ही अक्षरे बेतलेली आहेत. म्हणजे खुशनवीसाने घरी बसून लिहावे आणि गवंड्याने ते चिकटवावे असा हा मामला नव्हता. भिंतीची उंची, दगडाचा पत्रा, बघणाऱ्याचे अंतर हे सगळे रचनाकाराबरोबर बसून आधी ठरवावे लागत होते.

शहाजहानच्या दरबारात नकाशांचे काम कसे चाले, हे त्याच्या काळच्या बखरकारांनी लिहून ठेवले आहे. रोजच्या कामकाजात इमारतींचे नकाशे त्याच्यापुढे येत. तो शंका विचारी, फेरबदल सुचवी आणि सुधारलेला नकाशा पुन्हा मांडला जाई. मोगल नकाशे चौकटी आखून काढत. एका चौकटीत किती गज हे ठरलेले असे. शहाजहानी गज साधारण 80 ते 82 सेंटीमीटरचा. नकाशावरची चौकट एकदा ठरली, की जमिनीवर दोरी आणि खुंट्यांनी तीच चौकट आखायची. मग लाहोरचा उस्ताद, शिराझचा खुशनवीस, राजस्थानचा संगतराश आणि जवळच्या गावचा मजूर यांची भाषा वेगळी असली तरी माप एकच राही. आजही गवंडी, सुतार आणि इंजिनिअर यांचे भांडण होते ते मापावरूनच आणि मिटते तेही मापावरूनच. मराठीतही या धंद्याची भाषा अशीच मिसळलेली आहे. नकाशा, इमारत, दरवाजा, मजूर, कारागीर हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि ओळंबा, गवंडी, पाथरवट यांच्या शेजारी येऊन बसले.

ताजच्या दगडांवर पाथरवटांच्या खुणाही सापडल्या आहेत. कुठे चांदणी, कुठे त्रिकोण, कुठे स्वस्तिक. कोणता दगड कोणत्या टोळीने घडवला, हे त्या खुणांवरून कळे आणि मजुरीचा हिसाब होई. मजुराची मजुरी थकवू नये, ही शिकवण रमजानच्या बयानात हमखास ऐकू येते. त्या खुणा म्हणजे अशा हिसाबाची दगडावरची नोंदच आहे.

इथे एका गोष्टीचा निकाल लावून टाकलेला बरा. ताज बांधून झाल्यावर बादशहाने कारागिरांचे हात तोडले, ही कथा सहलीच्या बसमध्ये गाइड आजही सांगतात आणि शाळेतली मुले ती घरी घेऊन येतात. तिला एकही समकालीन आधार नाही. उलट 1639 साली, आग्र्याचे काम चालू असतानाच, दिल्लीच्या लाल किल्ल्याची पायाभरणी झाली आणि ती उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद यांच्या हस्ते. तो किल्ला 1648 साली पुरा झाला. 1649 साली उस्ताद अहमद वारले आणि त्यांचे तिन्ही मुलगे मोगलांच्याच इमारतींवर आणि विद्येवर जगले. दिल्लीच्या जामा मशिदीवरच्या लेखांची अक्षरे धाकट्या नूरुल्लाह यांची आहेत. ज्या घराण्याला असा राग भोगावा लागला असता, त्याने पुढच्या पिढीत पुन्हा तेच काम पत्करले असते का?

अताउल्लाह वाढले ते अशा घरात. पण त्यांचे पहिले मोठे काम दगडाचे नव्हते, कागदाचे होते. ताजचा पाया भरून वरचे बांधकाम चालले असताना, 1634-35च्या सुमारास, त्यांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथाचा फारसी अनुवाद पुरा केला आणि तो शहाजहानला अर्पण केला. त्याआधी अकबराच्या काळात, 1587 साली, फैजी यांनी भास्कराचार्यांची 'लीलावती' फारसीत आणली होती. लीलावती अंकगणिताची, तिच्यात गोष्टी आहेत, ती राजदरबारात लवकर आवडली. बीजगणित अवघड. अव्यक्त संख्यांना भास्कराचार्य रंगांची नावे देतात: कालक, नीलक, पीतक. ज्या संख्येचे मूळ नेमके निघत नाही तिला ते करणी म्हणतात आणि करणींची बेरीज, गुणाकार कसा करायचा ते सांगतात. हे सगळे संस्कृतातून उचलून फारसीत मांडायला नुसती भाषा येऊन भागत नाही, गणित यावे लागते.

इमारत बांधणाऱ्या घरातल्या तरुणाला हा ग्रंथ का घ्यावासा वाटला असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. मोगल कबरींच्या बांधणीत चौकोनाचा अष्टकोन करावा लागतो. घुमट गोल, खोली चौकोनी. मधे आठ कोनांची पायरी घेतली की गोल नीट बसतो. हश्त बहिश्त, म्हणजे आठ जन्नती, या नावाची मांडणीही आठाच्याच हिशोबावर उभी आहे: मधे एक मोठे दालन आणि भोवती आठ खोल्या. आता दहा हात बाजूचा चौकोन घेतला आणि त्याचे चारही कोपरे कापून आठही बाजू सारख्या करायच्या ठरवल्या, तर प्रत्येक कोपऱ्यापासून सुमारे 2.93 हातांवर खूण करावी लागते. हा आकडा दोनाच्या वर्गमुळातून निघतो आणि ते मूळ म्हणजे भास्कराचार्यांची करणीच. जुने मिस्त्री दोरी टाकून हे जमवत आले आहेत. अताउल्लाह यांना दोरीही येत होती आणि करणीही.

भास्कराचार्यांचा जन्म 1114चा, बीजगणित 1150चे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने 1207 साली त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तसा शिलालेख तिथल्या देवळात आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. म्हणजे अताउल्लाह उत्तरेत बसून ज्या पंडिताचा ग्रंथ उलगडत होते, त्याच्या विद्येचे घर सह्याद्रीच्या याच बाजूला होते. पुढे नियतीने त्यांना त्याच मुलखात आणले.

त्यांचे आणखी एक पुस्तक आहे, 'खुलासा-ए-राज'. अंकगणित, बीजगणित आणि मोजमाप यांवरचे, पद्यात रचलेले. ते त्यांनी शहाजादा दारा शुकोह याला अर्पण केले. दारा विद्येचा भुकेला, पंडित आणि सूफी यांच्या संगतीत रमणारा, उपनिषदे फारसीत आणणारा. गणित जाणणाऱ्या मेमाराला असा आश्रयदाता मिळणे ही भाग्याची गोष्ट होती. पण काही वर्षांतच हे भाग्य धोक्याचे ठरणार होते.

इकडे दख्खनमध्ये दाराचा धाकटा भाऊ औरंगजेब सुभेदार होता. 1636 ते 1644 आणि पुन्हा 1653 ते 1658. त्याच्या अखत्यारीतल्या चार सुभ्यांत वऱ्हाडचा सुभा होता आणि आजचा यवतमाळ जिल्हा त्यातच येत होता. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाडच्या सरकारांमध्ये कळंबचे नाव आहे आणि यवतमाळ तिथे योत-लोहारा या जोडनावाने येते. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू ही शहानवाज खान सफवी याची मुलगी. लग्न 1637चे. पाच अपत्ये झाली. थोरली झेबुन्निसा पुढे कवयित्री म्हणून नावाजली. 1657च्या सप्टेंबरात औरंगाबादला दिलरसने अकबर या मुलाला जन्म दिला आणि महिनाभरातच, 8 ऑक्टोबर 1657 रोजी, ती बाळंतरोगाने गेली. सासू मुमताजही बाळंतपणातच गेली होती. मरणोत्तर दिलरसला 'राबिया-उद-दौरानी' म्हटले गेले, या युगाची राबिया. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या हजरत राबिया यांची आठवण त्या नावात आहे. त्या गरीब घरातल्या संत स्त्री, रात्र रात्र इबादतीत घालवणाऱ्या. रमजानच्या रात्री त्यांचे नाव अजूनही घरोघरी निघते.

त्याच सप्टेंबरात शहाजहान आजारी पडला होता आणि चार भावांत गादीची लढाई पेटली. 1658च्या सुरुवातीलाच औरंगजेब फौज घेऊन उत्तरेकडे निघाला. धर्मतची लढाई, समूगढची लढाई, मग राज्यारोहण. 1659च्या मार्चमध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत दाराच्या बाजूने लढताना शहानवाज खान मारला गेला. ज्या मुलीच्या कबरीची तयारी दख्खनमध्ये चालली होती, तिचा बाप जावयाविरुद्ध लढताना पडला. ऑगस्टमध्ये दाराचाही शेवट झाला.

आणि अताउल्लाह? आपले पुस्तक ज्याला वाहिले, त्या दाराचा पाडाव करणाऱ्याच्या बेगमेची कबर बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. यात पराभव पाहायचा की धंद्याची शिस्त? कारागीर गादी बदलली म्हणून करणी खाली ठेवू शकत नाही, त्याच्यामागे शंभर चुली असतात. औरंगजेबानेही दाराच्या वर्तुळातला म्हणून त्यांना दूर ठेवले नाही. त्यालाही काम येणारा माणूस हवा होता.

मकबरा आपण शहाजादा आझम शहाने बांधला असे म्हणतो. बऱ्याच पुस्तकांत तसे छापलेलेही आहे. पण आझमचा जन्म 1653चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मकबऱ्यावर जे 1660-61 हे वर्ष कोरले आहे, तेव्हा सात-आठ वर्षांचा. पुढे त्याने आईच्या कबरीची देखभाल केली असेल, मात्र आखणी त्याची असणे शक्य नाही. बाप दूर दिल्लीत राज्य सावरत होता. मग जागेवर रोज उठून निर्णय घेणारे कोण राहिले? दरवाजावरची तीच दोन नावे.

आणि निर्णय सोपे नव्हते. ताजवर, दरबारी बखरीप्रमाणे, 50 लाख रुपये लागले होते. मकबऱ्यासाठी 7 लाखांची मंजुरी होती. गुलाम मुस्तफा यांच्या तवारीखनाम्यात प्रत्यक्ष खर्च 6 लाख 68 हजार 203 रुपये 7 आणे असा दिला आहे. आण्यापर्यंत हिशोब लागतो, याचा अर्थ कोणीतरी तो रोज लिहीत होते. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने संगमरवराने भरलेल्या 300 गाड्या पाहिल्या. सर्वांत लहान गाडीलाही 12 बैल जुंपलेले होते. एवढ्या लांबून येणारा दगड कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हाच खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर इमारतीजवळ जाऊन हात लावला की कळते. खाली कमरेच्या वरपर्यंत संगमरवर, वर घुमट संगमरवराचा. मधला सारा भाग आपल्याच काळ्या दगडाचा आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. म्हणजे जिथे माणूस टेकतो आणि जिथे दुरून नजर जाते, त्या दोन जागी महागडा दगड आणि मधे गिलावा करणाऱ्यांचे कसब. वणी-राजूरकडच्या चुनाभट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना चुना भाजणे, विझवणे, मुरवणे म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. कच्चा राहिला तर फुगतो, घाई केली तर तडकतो. मकबऱ्याच्या गिलाव्यावर फुलांची नक्षी उठवलेली आहे. तिच्यासाठी रचनाकाराने नकाशा द्यायचा, पण गिलावा कधी ओला आहे आणि कधी धरतो, हे त्या कारागिराच्या बोटांनाच ठाऊक. इथे अभियंता आणि गिलावेवाला यांचे ऐकल्याशिवाय मेमाराची रेघ पुढे जात नाही.

बाग साधारण 458 मीटर लांब आणि 275 मीटर रुंद. मधोमध कारंजी, चारी बाजूंनी भिंत, उंच चौथऱ्यावर कबर. ताजच्या तुलनेत इमारत अंगाने अरुंद, मिनार जवळ आलेले. म्हणून तिला गरिबांचा ताज म्हणून हिणवतात. कलासमीक्षक या मिनारांवर टीका करतात आणि ती अगदीच चुकीची नाही. समोरून पाहिले की मिनार घुमटाला जरा दाटीवाटीने घेरल्यासारखे वाटतात. पण आत गेल्यावर मत बदलते. वरच्या मजल्यावरून खाली पाहायचे. संगमरवरी जाळीच्या अष्टकोनात दिलरसची कबर, आणि मधे फक्त माती. कबरीवर दगडी शिळा नाही. वरच्या खिडक्यांतून आलेला उजेड त्या मातीवर पडतो. ताजमध्ये असे नाही. तिथे वर पाहणाऱ्यांसाठी एक आणि तळघरात खरी अशा दोन-दोन कबरी आहेत. मातीला माती ठेवण्याची ही साधी कल्पना आणि तिच्यासाठी केलेली दोन मजल्यांची मांडणी, ही नक्कल म्हणता येणार नाही.

हंसपतराय यांचे नाव दुसऱ्या क्रमांकावर असले तरी ते आहे, हे महत्त्वाचे. मोगलांच्या फार थोड्या इमारती आपल्या बांधणाऱ्यांची नावे सांगतात. आणि ही जोडी काही अपवाद नव्हती. मांडूला होशंगशहाची पांढरी कबर आहे. ती मोगलांच्याही आधीची. 1659 साली चार जण ती पाहायला गेले आणि आपण येऊन गेल्याचा लेख दरवाजापाशी कोरून ठेवला. त्यात उस्ताद अहमद यांचा मुलगा लुत्फुल्लाह, उस्ताद हमीद, ख्वाजा जादूराय आणि उस्ताद शिवराम ही नावे आहेत. लढाईने देश पेटलेला असताना चार बांधकामवाले जुन्या मेमाराला सलाम करायला मांडूचा घाट चढून गेले. नमाजीला मशिदीत जी सफ लाभते, खांद्याला खांदा लावून उभी असलेली, तशीच एक सफ या धंद्यातही होती आणि तिच्यात जागा कोणाच्या बापाचे नाव विचारून मिळत नव्हती.

मकबऱ्यापासून उत्तरेकडे निघाले की कन्नडचा घाट लागतो. तो उतरला की चाळीसगाव आणि त्यापलीकडे पाटणादेवीचा डोंगर, भास्कराचार्यांच्या नातवाने मठ स्थापला ते गाव. ज्यांच्या करणी त्यांनी तरुणपणी फारसीत लिहिल्या, त्यांच्या गावापासून दोन-तीन दिवसांच्या घोड्यावरच्या मजलीवर अताउल्लाह घुमट उभारत होते.

त्यांच्या फारसी अनुवादाचा प्रवास मात्र थांबला नाही. त्याच्या प्रती होत राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीत असलेल्या एडवर्ड स्ट्रेची या इंग्रजाच्या हाती त्यातली एक आली. 1813 साली लंडनला भास्कराचार्यांचे बीजगणित पहिल्यांदा इंग्रजीत छापून आले, ते संस्कृतावरून नव्हे, अताउल्लाह रशीदी यांच्या फारसीवरून. संस्कृतावरून केलेले कोलब्रुकचे भाषांतर त्यानंतर चार वर्षांनी आले.